मदत हवी आहे: सहावी-सातवीसाठी मायक्रोबिट घ्यावं की आर्डुइनो?

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. स्क्रॅचवर (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरवर) मांजर नाचवून मुलं आता कंटाळली आहेत, हातात धरता येईल असं काहीतरी त्यांना हवंय. मायक्रोबिट आणि आर्डुइनो ही प्रोग्राम लिहून चालवायची छोटी इलेक्ट्रॉनिक बोर्डं. थोडी वर्गणी जमलीये, पण दोन्ही घेण्याइतकी नाही.

माझा कल मायक्रोबिटकडे आहे. २५ एलईडी, दोन बटणं, तापमान आणि हालचाल ओळखणारे सेन्सर बोर्डावरच असतात. दोन ट्रिपल-ए सेलवर चालतं, त्यामुळे पावसाळ्यात वीज गेली तरी तास बुडत नाही. आर्डुइनोला मोटर, सेन्सर जोडायला स्वस्त पडतात, पण ब्रेडबोर्डवरच्या (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पट्टीवरच्या) वायरी एवढ्या पोरांच्या हातात किती टिकतील, देव जाणे.

मुलांनीच ठरवलेला प्रकल्प म्हणजे पोफळीच्या बागेत माती सुकली की बझर वाजवायचा. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत सतत वीज वाहिल्याने गंजतो, म्हणून कपॅसिटिव्ह (ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही असा) घ्यायचा विचार आहे. तो मायक्रोबिटच्या ३ व्होल्टवर कुणी चालवून पाहिलाय का? आकडे स्थिर येतात का?

शिवाय खारी हवा! आमच्याकडे दाराच्या कड्याही गंजतात. किट हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवलं तर पुरेल, की आणखी काही करावं? मालवण, देवगड, अलिबागकडच्या शिक्षकांनी जरूर सांगा. शाळेत नेट जेमतेम आहे, तेव्हा ऑफलाइन चालणारंच सुचवा.