वृद्धांचे नैराश्य : आधी जेवणाची चौकशी व्हायला नको का?

मूळ लेखन
गरिबीत राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीला नैराश्याच्या गोळ्या लिहून देण्यापूर्वी ती दिवसातून किती वेळा जेवते हे विचारले जावे, असे माझे मत आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगात 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्यात उदासी, चिडचिड आणि एकलकोंडेपणा वाढला. उपासमारीला आजाराचे नाव दिले की व्यवस्थेची जबाबदारी अलगद रुग्णाच्या माथी येते.

प्रतिसाद 1
निष्कर्ष घाईचा आहे. ते तरुण स्वेच्छेने सहभागी झाले होते आणि प्रयोग कधी संपणार हे त्यांना ठाऊक होते. वृद्धांच्या टंचाईला अशी अखेरची तारीख नसते. शिवाय नैराश्यात भूक मरते, स्वयंपाकाला उठवत नाही, मदत मागणे नकोसे होते आणि घरपोच आलेले अन्नही तसेच पडून राहते. अशा माणसाला 'आधी अन्न, मग उपचार' असे सांगणे म्हणजे उपचार नाकारणेच होय.

प्रतिसाद 2
मापनाचा प्रश्न दोघांनीही सोडून दिला आहे. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत भूक, झोप आणि थकवा यांविषयी प्रश्न आहेत, त्यामुळे उपाशी माणसाचे गुण मन शाबूत असतानाही वाढू शकतात. वृद्धांसाठी 1980च्या दशकात तयार झालेल्या नैराश्य मापनश्रेणीत शारीरिक लक्षणे जाणीवपूर्वक टाळली आहेत, ती याचसाठी अधिक उपयोगी वाटते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरताही नैराश्यासारखी दिसू शकते. मात्र मूळ लेखकांनी जेवणांची संख्या मोजण्यावर थांबू नये: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, अन्नाची टंचाई मोजणाऱ्या आठ प्रश्नांच्या श्रेणीत पहिलाच प्रश्न अन्न पुरेल की नाही या काळजीचा आहे. जेवण चुकण्याच्या कितीतरी आधी ही काळजी माणसाला पोखरू लागते.

मूळ लेखक
'आधी' हा शब्द मागे घेतो. दोन्ही गोष्टी एकाच भेटीत व्हाव्यात. पण औषध घ्यायचे की अन्न, अशी निवड ज्याला दर महिन्याला करावी लागते, त्याच्या हाती केवळ आणखी एक चिठ्ठी देणे मला आजही मान्य नाही.

प्रतिसाद 1
तेवढ्यापुरते एकमत. अडचण विचारण्याच्या पद्धतीत आहे. 'पोटभर जेवता ना?' असे विचारले की बरेच वृद्ध 'आता भूकच लागत नाही' म्हणतात, आणि ते लाजेने झाकलेली उपासमार सांगत आहेत की नैराश्याचे लक्षण, हे त्या एका वाक्यावरून कळत नाही.