पॉइंट प्युअरच्या पोरांना 'संधी मिळाली' असं म्हणायचं का?

वैदेही_होबार्ट
गेल्या महिन्यात आई-बाबा इकडे आले होते, त्यांना घेऊन टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला, ब्रिटिशांच्या जुन्या कैदी वसाहतीत गेले. तिथल्या बिनछपराच्या चर्चच्या भिंतीवर हात फिरवला तर छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात. ते दगड घडवणाऱ्यांत मिसरूडही न फुटलेली पोरं होती, समोरच पाण्यापलीकडे दिसणाऱ्या पॉइंट प्युअरची. 'प्युअर' म्हणजे लॅटिनमध्ये मुलगा. १८३४ ते १८४९ या काळात ब्रिटनमधून सजा देऊन पाठवलेली सुमारे ३,००० मुलं त्या टोकावर ठेवली होती. मोठ्या कैद्यांच्या संगतीत बिघडू नयेत, हे कारण. बहुतेकांचा गुन्हा चोरीचा.

बाबा म्हणाले, "काही का असेना, हाताला काम लागलं. लंडनच्या रस्त्यावर मेलीच असती." हे वाक्य मला तेव्हापासून टोचतंय. सात वर्षांची सजा म्हणे! सजा संपल्यावर परतीचं भाडं सरकार देत नसे. पोरानं एवढे पैसे आणायचे कुठून? म्हणजे सात वर्षांच्या नावाखाली आई जन्माची तुटली. त्याला संधी म्हणणं मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

दामले_मास्तर
असहमत. मी बावीस वर्षं एका बालसुधारगृहात सुतारकाम शिकवलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे एक पोरगा आला होता, चोरीच्या केसमधला. दोन महिने कोणाशी बोलला नाही. मग एक पाट केला. पाय डुगडुगत होते, रंधाही नीट मारलेला नव्हता. पण तीन रात्री तो पाट उशाशी घेऊन झोपला. म्हणून सांगतो, हाताला हुन्नर मिळणं ही लहान गोष्ट नाही. पॉइंट प्युअरला सुतारकाम, चांभारकाम, होड्या बांधणं, दगड घडवणं हे सगळं शिकवत.

आणि मागे काय सोडून आली होती ही मुलं? कैद्यांना ऑस्ट्रेलियात नेणाऱ्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातला जॉन हडसन घ्या. अनाथ, धुराडी साफ करणारा. १७८३ मध्ये घरफोडीत दोषी ठरला तेव्हा नऊ वर्षांचा होता. धुराड्यात शिरून काजळी खरवडणारी पोरं किती जगत असतील? मेरी वेडला तर एका लहान मुलीचे कपडे हिसकावले म्हणून १७८९ मध्ये चक्क फाशी सुनावली होती, जेमतेम दहा-अकरा वर्षांची असताना. फाशी रद्द होऊन जहाजावर चढवली, म्हणून वाचली. १८५९ मध्ये वारली तेव्हा तिचे तीनशेवर वंशज होते. पुढे पंतप्रधान झालेले केविन रड तिच्याच वंशातले. इंग्लंडात राहिली असती तर?

वैदेही_होबार्ट
मास्तर, तुमच्या पाटाबद्दल वाचून गलबलून आलं. पण मेरी वेडचं उदाहरण मला उलटं वाटतं. फाशी देणारेही तेच आणि जहाजावर चढवणारेही तेच. आधी गळ्यात दोर घालायचा आणि मग तो काढला म्हणून उपकार मानायला लावायचे?

पॉइंट प्युअरला हुन्नर शिकवत हे खरं, पण दिवसभर राबून झाल्यावर पेंगणाऱ्या मुलांना संध्याकाळी अक्षरं गिरवायला बसवत. चूक झाली की फटके, नाहीतर अंधारकोठडी. १८४३ मध्ये बेंजामिन हॉर्न यांनी तिथली पाहणी केली, त्यांनीही कारभारावर टीकाच केली.

हुन्नर शिकवूनही काय होत असे याचं एक टोकाचं उदाहरण देते. इंग्लंडात पार्कहर्स्टला मुलांसाठी तुरुंग होता. तिथली मुलं माफी देऊन, 'शिकाऊ' म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियात शेतावर पाठवत. त्यातल्या जॉन गॅव्हिननं मालकाच्या मुलाचा खून केला. १८४४ मध्ये फ्रीमँटलच्या राउंड हाउस तुरुंगाबाहेर त्याला फासावर दिलं. वय १५.

निशिगंध७
एका खुन्यावरून सगळ्या योजनेला नावं ठेवणं बरोबर नाही. आणि आजची फुटपट्टी त्या काळाला लावू नका. तेव्हाच्या कायद्यानं सात वर्षांवरचं मूल गुन्हेगार ठरू शकत असे. कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

रानवाटा
@निशिगंध, 'कोणालाच' नाही हो. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर तेव्हाच बोलत होत्या. १८५१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून पार्कहर्स्टच्या पद्धतीवर टीका केली, मुलांना तुरुंग नको, शाळा हवी म्हणून. १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये सुधारशाळांचा कायदा झाला. याच बाई १८६६ मध्ये मुंबईला येऊन गेल्या. आपल्याकडचा सुधारशाळांचा कायदा १८७६ चा. म्हणजे फुटपट्टी त्या काळाचीच आहे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. इथे दोन्ही बाजू असं बोलताहेत जणू टास्मानिया ओस पडलेलं बेट होतं. पॉइंट प्युअर सुरू झालं गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांच्या कारकिर्दीत. त्याच आर्थरनी १८३० मध्ये दोन हजारांवर माणसांची रांग लावून मूळ रहिवाशांना हाकलायची मोहीम काढली होती. त्या माणसांत कैदीही होते. पुढे उरलेल्या लोकांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन टाकलं. पोरांना 'नवी जमीन' मिळाली म्हणताना ती कोणाच्या हातून गेली, हे सांगायलाच हवं.

वैदेही_होबार्ट
रानवाटा, हे माझ्या मूळ लिखाणात यायला हवं होतं. चूक मान्य. बाबांनाही हा धागा पाठवलाय, ते अजून त्यांच्या मतावर ठाम आहेत.

दामले_मास्तर
मीही बऱ्यापैकी ठाम आहे. हुन्नराला कमी लेखू नका, एवढं परत सांगतो. रानवाटांचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातच आला नव्हता.

वैदेही, पोराची आई जन्माची तुटली या तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या पाटाबद्दल एक सांगायचं राहिलं. पोराची आई एसटीनं तीन तासांवरून भेटायला यायची. चौथ्या दिवशी ती आली तेव्हा त्यानं तो पाट तिच्या हातात दिला, आणि ती तिथेच, डुगडुगत्या पाटावर बसून त्याच्यासाठी आणलेली भाकरी सोडायला लागली.