शब्दचर्चा: ‘हँग झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

महापे:
बिलिंग आणि गोदामाच्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी आम्ही मराठीतच नोंदवतो. तुर्भ्याच्या बाजार समितीतल्या गाळ्यातून काय किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून काय, फोन मराठीतच येतो, आणि नोंद इंग्रजीत केली की निम्मा तपशील वाटेतच गळतो. अडचण एका शब्दाची आहे: ‘हँग झालं’, ‘हँग मारतंय’. विंडो पांढुरकी पडून क्लिक घेत नाही, तेही हँग. ब्राउझरमध्ये चकरी फिरत राहते, तेही हँग. प्रोग्राम आपोआप बंद होतो, तेही हँग. नोंदीत एवढा एकच शब्द उरला की प्रोग्रामरला पुन्हा फोन करून सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. या वेगवेगळ्या प्रकारांना लोकांच्या तोंडी असलेले शब्द सुचवावेत. ‘प्रतिसादशून्यता’ छापाचे नकोत.

वागळे इस्टेट:
ग्राहकाचा शब्द बदलू नका, तो ‘हँग’च म्हणणार. शब्द नोंद घेणाऱ्याने निवडायचा, आणि त्यासाठी एकच गोष्ट विचारायची: टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबवर त्या प्रोग्रामच्या ओळीत सीपीयूचा आकडा किती आहे?

डेस्कटॉपवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही पाटी विंडोज लावतं, प्रोग्राम नव्हे. प्रोग्रामने ५ सेकंद एकही संदेश (क्लिक झाली, की दाबली अशी विंडोजची सूचना) उचलला नाही, की विंडोज त्याच्या विंडोच्या जागी हुबेहूब दिसणारी तोतया विंडो ठेवतं. म्हणून ती सरकवता येते, बंदही करता येते, पण आतलं बटण दाबलं जात नाही. यावरून फक्त मुख्य थ्रेड, म्हणजे विंडो सांभाळणारी प्रोग्रामची कामाची धार, मोकळा नाही एवढंच कळतं. तो कामात आहे की वाट बघतोय, ते सीपीयूवरून ठरतं. चार लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर आकडा २५ ला चिकटून राहिला, किंवा आठच्या मशीनवर १२-१३ ला, तर एक थ्रेड पूर्ण ताकदीने पळतोय. न संपणारं लूप असेल, नाहीतर ग्रिडमध्ये (पडद्यावरच्या तक्त्यात) दहा हजार ओळी एकेक करून भरल्या जात असतील. याला ‘गुंतलं’ म्हणा. आकडा ० असेल तर थ्रेड नुसता बसून आहे: डेटाबेसच्या, नेटवर्कवरच्या फाइलच्या किंवा प्रिंटरच्या उत्तरासाठी. हे ‘खोळंबलं’. लोकल खोळंबली म्हटल्यावर आपण तिच्या मोटारीत बिघाड शोधत नाही, पुढे काय अडलंय ते विचारतो. नोंदीतही तोच प्रश्न यायला हवा.

हा भेद उपायासाठी लागतो. गुंतलेलं काम दुसऱ्या थ्रेडवर न्यायचं, सी शार्पमध्ये ‘टास्क.रन’ने, आणि ग्रिडला सगळ्या ओळी एकदम द्यायच्या किंवा व्हर्च्युअल मोड (दिसतात तेवढ्याच ओळी भरणं) वापरायचा. खोळंबलेल्या प्रोग्रामवर हाच उपाय केला तर विंडो हलायला लागते, पण बिल पूर्वीइतकंच उशिरा निघतं. कारण खोळंबा दुसरीकडेच असतो.

आणि फोनवर पहिलं वाक्य ‘एंड टास्क करा’ हे नको. आधी त्याच ओळीवर राइट क्लिक करून ‘क्रिएट डंप फाइल’, म्हणजे प्रोग्रामच्या त्या क्षणाच्या स्थितीची फाइल. प्रोग्राम ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटचं असेल तर ‘सिसवाऊ६४’ फोल्डरमधला टास्क मॅनेजर उघडून डंप घ्यायचा, नाहीतर व्हिज्युअल स्टुडिओत डॉटनेटचे स्टॅक नीट वाचता येत नाहीत. डंपमध्ये मुख्य थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते दिसतं आणि अंदाज बांधत बसावं लागत नाही.

ऐरोली:
‘खोळंबलं’ पटलं. डेटाबेसवाल्यांना मात्र त्यात आणखी एक भेद लागतो: खोळंबा आणि तिढा. खोळंब्यात पहिल्याने लॉक (एखाद्या नोंदीवर घेतलेला ताबा) सोडला की दुसऱ्याचं काम आपोआप मार्गी लागतं. तिढ्यात दोघंही एकमेकांच्या हातातल्या लॉकसाठी थांबलेले असतात आणि तिसऱ्याने मध्ये पडल्याशिवाय कोणीच हलत नाही. डेडलॉकला ‘तिढा’ म्हणावं, कारण तिढा सोडवावा लागतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

एसक्यूएल सर्व्हर तिढा स्वतः शोधतो. मूळ सेटिंगप्रमाणे साधारण दर ५ सेकंदांनी पाहणी होते, एका ट्रान्झॅक्शनचा (सगळे मिळून पक्के व्हायचे किंवा मागे घ्यायचे अशा बदलांच्या गटाचा) बळी दिला जातो आणि त्याला १२०५ क्रमांकाची एरर मिळते. खोळंबा तो शोधत नाही. लॉकसाठी किती थांबायचं याला मुळात मर्यादाच नसते. मग प्रोग्रामच्या बाजूचा कमांड टाइमआउट, डॉटनेटमध्ये मुळात ३० सेकंदांचा, ते थांबणं तोडतो. म्हणून ग्राहक ‘अर्धा मिनिट अडकतं, मग लाल एरर येते’ म्हणाला तर ते जसंच्या तसं लिहा. तो खोळंबा असेल किंवा रखडलेली क्वेरी, तिढा बहुधा नसेल.

एरर नंबर लिहिताना डेटाबेसचं नावही लिहायलाच हवं. मायएसक्यूएलमध्ये १२०५ म्हणजे लॉकची मुदत संपली, इनोडीबी या त्याच्या स्टोरेज इंजिनात ती मुळात ५० सेकंद असते. तिथे तिढ्याचा नंबर १२१३. नुसतं ‘१२०५ आली’ एवढं वाचून लोक दोन दिवस भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात.

खोळंबा चालू असतानाच ‘एसपी_हू२’ चालवा आणि ‘ब्लॉक बाय’चा रकाना बघा. साखळी मागे नेत त्या सेशनपर्यंत पोहोचा, जो स्वतः कोणासाठी थांबलेला नाही पण बाकीचे त्याच्यासाठी थांबलेत. पुष्कळदा तो ‘स्लीपिंग’ दिसतो, म्हणजे काम काहीच करत नाही, फक्त ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलाय. कारणं नेहमीची: मॅनेजमेंट स्टुडिओत कोणीतरी ‘बिगिन ट्रॅन’ चालवून कमिट (पक्कं) केलेलं नसतं, किंवा प्रोग्रामने ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच ‘बिल सेव्ह करू का?’ असा संदेश दाखवलेला असतो आणि मुनीमजी चहाला गेलेले असतात. ट्रान्झॅक्शन उघडं असताना माणसाच्या उत्तरासाठी कधीही थांबू नये.

तिसरं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कमांड टाइमआउट झाला म्हणून चालू ट्रान्झॅक्शन आपोआप मागे घेतलं जात नाही. ‘एक्सअ‍ॅक्ट_अबॉर्ट’ ही, अशा वेळी ट्रान्झॅक्शन मागे घेणारी सेटिंग, चालू नसेल आणि प्रोग्रामनेही रोलबॅक केला नसेल, तर लॉक तसेच राहतात आणि पुढचे सगळे त्याच्यामागे खोळंबतात. स्टोअर्ड प्रोसीजरच्या सुरुवातीला ‘सेट एक्सअ‍ॅक्ट_अबॉर्ट ऑन’ लिहा.

तिढ्याला दोन उपाय, आणि दोन्ही करायचे. सगळ्या प्रोग्राममध्ये टेबलांचा क्रम एकच ठेवायचा, आधी साठा मग बिल, उलटं कुठेच नाही. आणि १२०५ आली की अख्खं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून दोन-तीनदा पुन्हा चालवायचं, शेवटचं वाक्य तेवढं नाही.

वागळे इस्टेट:
‘तिढा’ हा शब्द कोडमध्येही लागू पडतो. विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटमध्ये डेस्कटॉप विंडो बनवायची पद्धत) बटणाच्या क्लिकवर एखादी असिंक मेथड (काम संपायच्या आधीच परतणारी) बोलावली आणि पुढे ‘डॉट रिझल्ट’ लावला, की मुख्य थ्रेड उत्तरासाठी थांबतो. मेथडच्या आतल्या ‘अवेट’नंतरचा भाग मुख्य थ्रेडवरच परतायचा असतो, आणि तो तर थांबलेला. सीपीयू ०, एरर नाही, टाइमआउट नाही, कायमचं बंद. डेटाबेसमध्ये बळी घेणारा कोणीतरी असतो, इथे कोणीच नसतो. तोच कोड कन्सोल प्रोग्राममध्ये बिनबोभाट चालतो, कारण तिथे विशिष्ट थ्रेडवर परतायची सक्ती नाही. म्हणून ‘माझ्याकडे टेस्टमध्ये चाललं’ हे खरंही असतं आणि निरुपयोगीही. उपाय: क्लिकच्या मेथडपासून खालपर्यंत सगळीकडे ‘अवेट’, आणि लायब्ररीच्या कोडमध्ये ‘कॉन्फिगरअवेट फॉल्स’.

कोपरखैरणे:
वेबवाल्यांचा शब्द आहे ‘नुसतं फिरतंय’. तो चांगला आहे, पण चकरी फिरतेय म्हणजे पान जिवंत आहे असं समजू नका. सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने फिरणारी चकरी ब्राउझर वेगळ्या थ्रेडवर फिरवू शकतो. जावास्क्रिप्टचा मुख्य थ्रेड अडकलेला असतानाही ती मजेत फिरत राहते. ग्राहकाला पानावरच्या दुसऱ्या एखाद्या चौकटीत टाइप करायला सांगा. अक्षरं उमटली नाहीत तर ब्राउझरमध्येच काहीतरी ‘गुंतलं’. उमटली तर सर्व्हरकडे ‘खोळंबलं’.

खोळंब्यासाठी एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडायचा, तक्रारीची कृती पुन्हा करायची आणि अडलेल्या विनंतीचं ‘टायमिंग’ बघायचं. ‘वेटिंग’ मोठं असेल तर विनंती गेली आहे आणि सर्व्हर उत्तर द्यायला वेळ घेतोय. ‘स्टॉल्ड’ मोठं असेल तर बहुधा विनंती ब्राउझरमधून निघालेलीच नाही. एचटीटीपी १.१ वर क्रोम एका सर्व्हरशी एका वेळी ६ जोडण्याच ठेवतो, सातवी विनंती रांगेत उभी राहते. सहा मोठे रिपोर्ट एकदम मागवणाऱ्या डॅशबोर्डवर हे हमखास दिसतं, आणि तेव्हा सर्व्हरची रॅम वाढवून काडीचाही फरक पडत नाही.

पानावर आकडा दिसला तर तो आणि किती वेळाने दिसला, दोन्ही लिहा. ५०० म्हणजे प्रोग्राममध्ये न पकडलेली चूक, ती लॉगमध्ये सापडायला हवी. ५०२ लगेच आला तर पुढे विनंत्या घेणाऱ्या एनजिनेक्स या वेब सर्व्हरला मागचा प्रोग्राम भेटलाच नाही, बहुतेक तो बंद पडलाय. ५०४ साधारण मिनिटभराने येतो, कारण एनजिनेक्सची उत्तराची मुदत मुळात ६० सेकंद आहे. ती मुदत ३०० करून टाकणं हा लोकांचा आवडता उपाय आहे, आणि मला तो चुकीचा वाटतो. ५०४ आला तरी मागचं काम अनेकदा चालूच असतं. ग्राहक पुन्हा ‘सेव्ह’ दाबतो आणि एकाच मालाची दोन बिलं पडतात. बटण पहिल्या क्लिकला निष्क्रिय करा, फॉर्म उघडतानाच एक अनन्य क्रमांक तयार करून विनंतीबरोबर पाठवा आणि बिलाच्या टेबलवर त्या क्रमांकाला युनिक बंधन लावा. मग मिनिटभर लागणारा रिपोर्ट पार्श्वभूमीतल्या कामात टाकायचा की नाही, हे निवांत ठरवता येतं.

कळवा:
‘गोठलं’ हा शब्द कोणी सुचवण्याआधीच विरोध नोंदवतो. तो इंग्रजी फ्रीझची नक्कल आहे, फोनवर कोणी म्हणत नाही, आणि त्यातून गुंतलं की खोळंबलं हेही कळत नाही.

रबाळे:
‘उडालं’ या शब्दाचं काय करायचं? ‘प्रोग्राम उडाला’ म्हणजे विंडो आपोआप बंद झाली. ‘बिल उडालं’ म्हणजे डेटा गेला. ग्राहक नुसतं ‘उडालं’ म्हणतो आणि ऐकणारा बॅकअप शोधायला धावतो. नोंदीत क्रॅशला ‘बंद पडलं’ लिहावं आणि ‘उडालं’ फक्त डेटासाठी राखावं.

बंद पडलं की अडकलं यावर वाद झाला तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं अ‍ॅप्लिकेशन. १००० क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोग्राम स्वतः पडला. १००२ म्हणजे तो अडकला होता आणि मग बंद केला गेला. १००० मध्ये एक्सेप्शन कोड असतो. ई०४३४३५२ दिसला तर डॉटनेटची न पकडलेली चूक, तिचं नाव आणि स्टॅक शेजारच्या १०२६ च्या नोंदीत मिळतं. सी, मग सहा शून्यं आणि शेवटी ५ असेल तर मेमरीत नको तिथे हात घातला गेलाय. डॉटनेटच्या प्रोग्रामात हे दिसलं तर आपल्या कोडआधी प्रिंटरचा ड्रायव्हर, वजनकाट्याची डीएलएल, बारकोड स्कॅनरची लायब्ररी तपासा. फोनवर कोड वाचून घेताना शून्यं मोजून घ्या, फोटो मिळाला तर उत्तमच.

महापे:
एक प्रकार राहिला. सकाळी ठीक, संध्याकाळी ‘हँग मारतंय’, बंद करून उघडलं की पुन्हा ठीक. यात सीपीयू धड ० नाही, धड २५ नाही.

वागळे इस्टेट:
तिथे ‘गळती’ लिहा, म्हणजे वापरून झालेल्या वस्तू प्रोग्राम परत सोडत नाही. आणि फक्त मेमरीचा रकाना बघू नका. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, तिथे ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (फॉन्ट, ब्रश, बिटमॅप यांसारख्या चित्रकामाच्या वस्तू) आणि ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ (विंडो, मेन्यू वगैरे) लावा. दोन्हींची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला मुळात १०,००० आहे. सकाळी ४०० आणि दुपारी ६,००० दिसले तर संध्याकाळी काय होणार ते कळलंच. मर्यादेजवळ बटणं अर्धवट रंगतात, ग्रिडच्या जागी लाल फुली येते किंवा नवी विंडो उघडायला नकार मिळतो.

जीडीआयचं नेहमीचं कारण म्हणजे ‘पेंट’ मेथडमध्ये दर वेळी नवा फॉन्ट, ब्रश किंवा बिटमॅप बनवणं आणि ‘डिस्पोज’ न करणं. नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या डॉटनेटच्या गार्बेज कलेक्टरला ती वस्तू चिमुकली दिसते, म्हणून तो घाई करत नाही, तिच्यामागचं हँडल मात्र अडकून राहतं. प्रत्येकाला ‘यूजिंग’ ब्लॉकमध्ये घ्या. यूजर ऑब्जेक्ट्स वाढत असतील तर ‘शोडायलॉग’ने उघडलेले फॉर्म बघा. तसा फॉर्म बंद केला तरी तो नुसता लपतो, ‘डिस्पोज’ आपल्यालाच करावा लागतो. नोंदीत दोन आकडे वेळेसकट लिहा, सकाळी उघडल्यावरचा आणि तक्रार आली तेव्हाचा, आणि मधल्या वेळात कुठली स्क्रीन सर्वात जास्त वेळा उघडली तिचं नाव.