डेव्हिड फेररला ‘बिचारा’ म्हणणे योग्य आहे का?

लाल माती

स्पॅनिश टेनिसपटू डेव्हिड फेररचे नाव निघाले की त्याच्याआधी ‘बिचारा’ हा शब्द लागतोच आणि पुढचे वाक्यही ठरलेले असते : फेडरर, नदाल, जोकोविच आणि मरे यांच्या काळात खेळला म्हणून त्याला एकही ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादीचे विजेतेपद) मिळाले नाही. गेल्या आठवड्यात मित्रांच्या बैठकीत हेच वाक्य पुन्हा ऐकले आणि तिथे जे मला नीट मांडता आले नाही, ते या चर्चेत सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते ही सहानुभूती फेररवर अन्याय करणारी आहे.

स्पेनच्या अलिकान्ते प्रांतातील हाविया या समुद्रकाठच्या गावात १९८२ साली जन्मलेला, १७५ सेंटिमीटर उंचीचा हा खेळाडू २००० साली व्यावसायिक झाला आणि २०१९ च्या मे महिन्यात माद्रिदला निवृत्त झाला. या काळात त्याने एकेरीची २७ विजेतेपदे मिळवली, ७३४ सामने जिंकले आणि जुलै २०१३ मध्ये जागतिक क्रमवारीत तिसरे स्थान गाठले. २०१२ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेपासून २०१४ च्या फ्रेंच स्पर्धेपर्यंत सलग दहा ग्रँड स्लॅम स्पर्धांत तो किमान उपांत्यपूर्व फेरीत होता. त्यांत विम्बल्डनची हिरवळही आली, जिथे लाल मातीवर वाढलेल्या स्पॅनिश खेळाडूंची पूर्वी फारशी गणतीच होत नसे. २०१२ या एका वर्षात त्याने ७६ सामने आणि सात स्पर्धा जिंकल्या, आणि त्या वर्षी या दोन्ही बाबतींत त्याच्या पुढे कोणीही नव्हते.

ज्याच्याकडे बिनतोड सर्व्हिस नाही, एका फटक्यात गुण संपवणारा फोरहँड नाही, त्याने इतके मिळवले असेल तर त्याच्या कारकिर्दीचा हिशेब ‘काय मिळाले नाही’ इथून का सुरू व्हावा? सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्लीला भारत आणि स्पेन यांच्यात डेव्हिस करंडकाची, म्हणजे देशांच्या संघांमधील स्पर्धेची लढत झाली, तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो. फेररने साकेत मायनेनीला ६–१, ६–२, ६–१ असे हरवले. निकाल कधीच स्पष्ट झाला होता, तरीही चौतिशीतला तो माणूस प्रत्येक चेंडूमागे पहिल्याच गेममध्ये असल्यासारखा धावत होता. त्याला पाहताना मनात कीव मुळीच आली नाही.

निरीक्षक

फेररला बिचारा म्हणू नये, इथपर्यंत मी आपल्याशी सहमत आहे, परंतु त्यामागचे आपले कारण मला पटत नाही. आपण मिळकतीची यादी देऊन उणिवेचा प्रश्न बाजूला ठेवता. माझ्या मते तो प्रश्न सरळ विचारला पाहिजे, कारण ज्या काळाला दोष दिला जातो त्याच काळात डेल पोट्रोने २००९ मध्ये आणि चिलीचने २०१४ मध्ये अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि वॉवरिंकाने तर तीन वेगवेगळी ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. दार बंद होते असे म्हणता येत नाही.

आता फेररच्या मोठ्या पराभवांकडे पाहू. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या २०११ च्या उपांत्य सामन्यात मरेविरुद्ध पहिला सेट त्याने घेतला होता आणि दुसऱ्यातही सेट पॉइंट त्याच्या हाती होता, तो निसटला आणि सामनाही गेला. न्यूयॉर्कला अमेरिकन स्पर्धेच्या २०१२ च्या उपांत्य सामन्यात तो जोकोविचविरुद्ध ५–२ असा पुढे असताना वादळाच्या इशाऱ्यामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी पहिला सेट त्याने संपवला खरा, पण पुढचे तीन ६–१, ६–४, ६–२ असे गेले. २०१३ मध्ये मेलबर्नलाच त्याच जोकोविचने त्याला ६–२, ६–२, ६–१ असे दीड तासाच्या आत हरवले, तेव्हा ना वादळ होते ना दुखापत.

आणि मियामीचा तो सामना. २०१३ च्या अंतिम फेरीत तिसऱ्या सेटमध्ये ६–५ वर मरेच्या सर्व्हिसवर फेररकडे मॅच पॉइंट होता. मरेचा फोरहँड मागच्या रेषेजवळ पडला, फेरर थांबला आणि त्याने चॅलेंज घेतला, म्हणजे चेंडू बाहेर पडला का याची कॅमेऱ्याद्वारे तपासणी मागितली. पडद्यावर दिसले की चेंडू रेषेला निसटता लागला होता. त्यानंतरचा टायब्रेक त्याने ७–१ असा गमावला. ज्याची सारी ओळख ‘प्रत्येक चेंडू परत करणारा’ अशी आहे, त्याने कारकिर्दीतील इतक्या मोठ्या चेंडूवर खेळणे थांबवले, याचा अर्थ मला तरी एकच लागतो : तिथे त्याला स्वतः गुण मिळवण्यापेक्षा तो मिळालेला असावा असे वाटले. फेडररविरुद्ध १७ सामन्यांत १७ पराभव, नदालविरुद्ध ३२ सामन्यांत २६ पराभव. हे आकडे दैवाचे नाहीत.

कोल्हापूरकर

निरीक्षक यांनी घेतलेली तीन नावे पुन्हा वाचावीत. डेल पोट्रो आणि चिलीच हे दोघेही १९८ सेंटिमीटरचे, वॉवरिंका १८३ चा आणि अंगाने भक्कम. आमच्याकडे तालमीत पोर आले की आधी त्याचे वजन पाहतात, कारण वजनगटाशिवाय कुस्ती लावणे हा अन्याय आहे हे लहान मुलालाही कळते. टेनिसमध्ये गट नाहीत. जाळी सर्वांना सारखी आणि सर्व्हिसची चौकटही तेवढीच, मात्र जो खेळाडू चेंडूला वीस-पंचवीस सेंटिमीटर वरून मारतो त्याला जाळीवरून त्या चौकटीत चेंडू उतरवण्यासाठी अधिक मोकळा कोन मिळतो, म्हणून तो जोरातही मारू शकतो आणि चूकही कमी करतो. त्याला अडचणीच्या वेळी दोन फुकटचे गुण मिळतात. फेररला ५–५ वर असे गुण कधी मिळाले नाहीत, प्रत्येक गुणासाठी त्याला पंधरा-वीस फटके खेळावे लागले. पाच सेटच्या सामन्यात, आणि तेही दोन आठवड्यांत सात वेळा, या खर्चाची बेरीज केली पाहिजे.

त्याने या उणिवेवर शोधलेला उपाय म्हणजे परतीचा फटका. समोरच्याची सर्व्हिस लवकर, चढत्या चेंडूवर घेऊन ती खोल परत करायची, म्हणजे समोरच्यालाही फुकटचे काही मिळत नाही आणि सामना दोघांसाठी सारखाच महाग होतो. त्याच्या काळात हे काम त्याच्याइतके चोख करणारे फार थोडे होते. मियामीत मॅच पॉइंट मिळाला तोही मरेच्या सर्व्हिसवर, हे निरीक्षक यांनीच लिहिले आहे.

निरीक्षक

कोल्हापूरकर, उंचीचा मुद्दा ग्राह्य आहे, पण तो पुरेसा नाही. अर्जेंटिनाचा गास्तोन गॉडिओ फेररइतकाच, १७५ सेंटिमीटरचा होता आणि त्याने २००४ ची फ्रेंच स्पर्धा जिंकली. मायकेल चँगने १९८९ मध्ये तेवढ्याच उंचीवर तीच स्पर्धा जिंकली होती. फ्रेंच स्पर्धा लाल मातीवर होते, तिथे सर्व्हिसचे वजन कमी होते आणि पायांचे वाढते, म्हणजे ती जागा फेररसाठीच केलेली होती.

लाल माती

गॉडिओचे उदाहरण आपण दिलेत हे फार चांगले झाले, कारण या वादाचा कणा तिथेच आहे. गॉडिओ जिंकला ते वर्ष २००४, आणि नदाल फ्रेंच स्पर्धेत पहिल्यांदा उतरला ते २००५. त्याच २००५ मध्ये चौथ्या फेरीत फेररने गतविजेत्या गॉडिओला पाच सेटमध्ये हरवले, पाचव्यात ०–४ असा मागे असताना. म्हणजे ज्याने किताब मिळवला होता त्याच्याहून फेरर तेव्हाच कमी नव्हता. पुढच्या फेरीत समोर आला अठरा वर्षांचा नदाल. त्या वर्षापासून २०१४ पर्यंतच्या दहा फ्रेंच स्पर्धांपैकी नऊ त्या एकाने नेल्या. फेररची लाल मातीवरची सारी उमेदीची वर्षे या दहा वर्षांत मावतात.

२०१३ मध्ये फेरर पॅरिसला एकही सेट न गमावता अंतिम फेरीत पोहोचला, घरच्या प्रेक्षकांसमोर त्याने त्सोंगाला तीन सेटमध्ये बाहेर काढले, आणि अंतिम सामन्यात नदालने त्याला ६–३, ६–२, ६–३ असे हरवले. आपण याला ‘मोठ्या प्रसंगी कचरणे’ म्हणाल काय? त्या मैदानावर नदालसमोर कचरले नाहीत असे किती जण होते?

निरीक्षक

दहापैकी नऊ हे खरे आहे. राहिलेले एक वर्ष २००९, त्याबद्दल आपण बोलला नाहीत. त्या वर्षी नदाल चौथ्या फेरीत स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंगकडून हरला. सोडरलिंगने त्याआधीच्या, तिसऱ्या फेरीत कोणाला हरवले होते? डेव्हिड फेररला. दार उघडले त्या दिवशी तो गावी परतलेला होता. २०१५ मध्ये नदालला जोकोविचने उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर काढले, तेव्हाही फेरर त्याच फेरीत मरेकडून हरला आणि किताब वॉवरिंकाने नेला.

क्रमवारीतील तिसऱ्या स्थानाचेही असेच आहे. नदाल गुडघ्याच्या दुखण्यामुळे सात महिने बाहेर होता, त्यामुळे २०१३ च्या फ्रेंच स्पर्धेनंतर जिंकलेला नदाल पाचवा आणि हरलेला फेरर चौथा अशी विचित्र स्थिती झाली होती. २०१२ चे पॅरिस मास्टर्स हे फेररचे मास्टर्स दर्जाचे, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धांमधील, एकमेव विजेतेपद. तिथे नदाल आणि फेडरर खेळले नव्हते, जोकोविच व मरे लवकर हरले होते आणि अंतिम फेरीत समोर होता पात्रता फेरीतून आलेला पोलंडचा यानोविच.

अनघा

इथे आकड्यांची चर्चा चांगली चालली आहे, पण फेररच्या कष्टांचे जे गुणगान नेहमी होते त्यातील एका भागाविषयी मला बोलायचे आहे. त्याचे प्रशिक्षक हावियर पिलेस यांनी किशोरवयात, सरावाची टाळाटाळ केली म्हणून, त्याला चेंडू ठेवण्याच्या अंधाऱ्या लहानशा खोलीत कोंडले होते, ही हकिकत फार कौतुकाने सांगितली जाते. माझी मुलगी काही वर्षे टेनिस शिकत होती. तिच्या प्रशिक्षकांनी भर उन्हात मुलांना उभे करण्याची शिक्षा देताना पालकांना हीच गोष्ट ऐकवली होती, आणि आम्हा पालकांपैकी बहुतेकांनी मान डोलावली याचे मला आजही वाईट वाटते.

फेररच्या कहाणीत मला महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने टेनिस सोडले आणि एका बांधकामावर काम धरले. आठवडाभर विटा वाहिल्यावर तो आपण होऊन परत आला. त्याला खोलीत कोंडणाऱ्याने परत आणले नाही, त्याची त्यानेच दोन आयुष्यांची तुलना केली. पुढे वीस वर्षे जो दम त्याने दाखवला तो या निवडीतून आला असे मी मानते, आणि ज्याने एवढ्या लवकर स्वतः निवड केली त्याला बिचारा म्हणणे मला तर अजिबात मान्य नाही.

रात्रपाळी

डेव्हिस करंडकाचा विचार केल्याशिवाय स्पॅनिश खेळाडूची कारकीर्द तोलता येत नाही. २००८ च्या अंतिम लढतीत अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे फेरर नाल्बांडियनकडून सपशेल हरला आणि निर्णायक दिवशी त्याच्या जागी व्हर्डास्कोला उतरवण्यात आले, हे मी लपवणार नाही. पण पुढच्याच वर्षी बार्सिलोनाच्या अंतिम लढतीत स्टेपानेकविरुद्ध तो पहिले दोन सेट १–६, २–६ असे हरला आणि तिथून ६–४, ६–४, ८–६ असा जिंकला. २०११ मध्ये सेव्हिलला त्याने त्याच डेल पोट्रोला पाच सेटमध्ये हरवले ज्याचे नाव इथे त्याच्याविरुद्ध घेतले गेले आहे. २०१२ मध्ये प्रागला नदाल नसताना स्टेपानेक आणि बर्डिच या दोघांनाही त्याने सरळ सेटमध्ये नमवले, स्पेन हरला तो दुसऱ्या खेळाडूंच्या सामन्यांत. मोठ्या प्रसंगी तो गुण घेत नाही असे म्हणणाऱ्यांनी या तीन डिसेंबर-नोव्हेंबरांचे काय करायचे ठरवले आहे?

निरीक्षक

रात्रपाळी, बार्सिलोना आणि सेव्हिल यांपुढे माझा ‘कचरण्याचा’ आरोप टिकत नाही, तो मी मागे घेतो. मियामीच्या त्या चेंडूविषयीही मी फार मोठा अर्थ काढला असे आता वाटते, तोवर तो अडीच तासांहून अधिक काळ धावत होता आणि पाय आखडू लागले होते. अनघाताईंचे म्हणणेही मला पूर्ण मान्य आहे.

माझा मूळ मुद्दा मात्र उरतोच. त्याच्या खेळात दुसरा डाव नव्हता. नदालला त्याने २००७ मध्ये न्यूयॉर्कला हरवले, २०१४ मध्ये मोंते कार्लोला लाल मातीवरही हरवले, म्हणजे शिखर त्याच्या आवाक्यात अधूनमधून येत होते. पण फेडररच्या आखूड कापलेल्या बॅकहँडवर आणि चेंडू लवकर घेण्यावर त्याला सतरा सामन्यांत उत्तर सापडले नाही. त्याने जाळीकडे अधिक यायला हवे होते, दुसरी सर्व्हिस बदलायला हवी होती. तो बिचारा नव्हता, अपुरा होता, आणि हा शब्द मी अनादराने वापरत नाही.

लाल माती

‘अपुरा’ हा शब्द मी स्वीकारतो, ‘बिचारा’पेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे. फक्त ‘उत्तर सापडले नाही’ याला एक जोड देतो. फेडररविरुद्धच्या त्या सतरापैकी एक सामना २०१४ च्या सिनसिनाटी स्पर्धेची अंतिम फेरी होती आणि तिचा दुसरा सेट फेररने ६–१ असा घेतला होता. शेवटचा, सतरावा सामना २०१७ च्या ऑगस्टमध्ये माँट्रियलला झाला. तेव्हा फेरर पस्तीस वर्षांचा होता, त्या वर्षी फेडररने ऑस्ट्रेलियन स्पर्धा आणि विम्बल्डन दोन्ही जिंकल्या होत्या, आणि आधीचे सोळाही सामने हरलेल्या या माणसाने पहिला सेट ६–४ असा जिंकला.