व्हेंडरने कंपनीला कॉस्टिंग उघडून दाखवावं का?

भोसरीचा_व्हीएमसी
आमचं छोटं मशिनिंग युनिट, बहुतेक काम एकाच मोठ्या कंपनीचं. यंदा रेट रिव्हिजनआधी त्यांनी सायकल टाइम (एक पार्ट करायला लागणारा वेळ), स्क्रॅप, टूल लाइफ, मार्जिन सगळं मागितलंय. मागे आम्ही मशीनवर पार्ट पकडून ठेवणारं फिक्श्चर बदलून एका क्लॅम्पिंगमध्ये दोन पार्ट बसवले होते. त्यांच्या इंजिनिअरने पाठ थोपटली, फोटो काढला. पुढच्या रिव्हिजनला नवा सायकल टाइम धरून रेट कापला आणि काही महिन्यांनी तसंच फिक्श्चर दुसऱ्या व्हेंडरकडे दिसलं. आता कशाला तोंड उघडायचं?

परचेसवाला
राग समजतो, पण लपवून तुमचंच नुकसान होतं. डिझाइनवाल्याने जुन्या ड्रॉइंगवरून ०.०२ मिमीचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तसाच उचललेला असतो. व्हेंडर वर्षानुवर्षं रिजेक्शन सोसतो, बोलत नाही. मग तो सैल करायचा कुणी? टोयोटा बघा. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचा पुरवठादार आइसिन, त्याचा जपानमधला कारियाचा कारखाना जळाला. ब्रेकचा पी-व्हॉल्व्ह टोयोटाला जवळपास सगळा तिथूनच जायचा. आइसिनने ड्रॉइंग वाटली, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेही व्हॉल्व्ह करून दिले, आठवड्याभरात लाइन सुरू झाल्या.

जुना_टूलरूमवाला
अर्धीच गोष्ट सांगितलीत. आइसिनमध्ये टोयोटाची भागीदारी आहे आणि नंतर टोयोटाने पुरवठादारांना त्याचा मोबदलाही दिला. जनरल मोटर्सचं का नाही सांगत? १९९२ मध्ये लोपेझ खरेदीप्रमुख झाला, चालू करार मोडून फेरनिविदा काढल्या. एका व्हेंडरची माहिती दुसऱ्याला दाखवल्याच्या तक्रारी झाल्या. व्हेंडरपुढे दोन्ही कंपन्या हत्तीच. पण टोयोटाला सांगितलेलं अंगाशी येत नाही, हे तिथल्या व्हेंडरला ठाऊक होतं.

परचेसवाला
लोपेझची बाजू मी घेतच नाहीये. पण कपातीचं टार्गेट मलाही वरूनच येतं.

भोसरीचा_व्हीएमसी
मग पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरच लिहून द्या, व्हेंडरने सुचवलेल्या सुधारणेतली बचत दोन वर्षं निम्मी-निम्मी.

परचेसवाला
पीओवर अवघड आहे. मेलवर देऊ शकतो.

भोसरीचा_व्हीएमसी
आणि तुमची बदली झाली की नवा साहेब म्हणणार, मला माहीत नाही!

क्वालिटीवाली
तोवर एक करा. रिजेक्शनचा आणि टॉलरन्सचा डेटा बिनधास्त द्या, त्यात तुमचाच फायदा आहे. फिक्श्चर मात्र झाका. आपण त्यांच्याकडे गेलो की गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ना? त्यांचा माणूस ऑडिटला आला की आपणही लावायचा.

परचेसवाला
लावून बघा. ऑडिटचे मार्क तिथेच कापले जातील, आतली गोष्ट सांगतोय.