मदत हवी आहे: एटीएवर कॉलर आयडी आणि तिघांचा कॉल

सदाशिव पेठेतल्या ऑफिसात दोन पोर्टच्या एटीएला (साधा फोन इंटरनेट कॉलिंगला जोडणारा डबा) जुने लँडलाइन फोन जोडलेत. कॉल येताना मिळणाऱ्या इनव्हाइट संदेशाच्या फ्रॉम हेडरमध्ये कॉल करणाऱ्याचा नंबर नीट येतोय, फोनच्या पडद्यावर मात्र उमटत नाही. एटीएवर कॉलर आयडीची स्कीम बेलकोर एफएसके (नंबर मोडेमसारख्या सुरांत पाठवणारी) आहे, म्हणजे नंबर पहिल्या-दुसऱ्या रिंगच्या मधे जातो. हे फोन बहुधा रिंगआधीच्या डीटीएमएफची (बटणं दाबल्यावर येतात तशा सुरांची) वाट पाहतात. तिथे सुरुवातीचा कोड ए ठेवायचा की डी?

त्याहून अडलंय ते कॉन्फरन्सचं. तिसऱ्याला जोडण्याआधी पहिला कॉल होल्डवर टाकायला फ्लॅश, म्हणजे लाइन क्षणभर तोडणं, लागतं. फोनचं फ्लॅश बटण 100 मिलिसेकंदांचं, एटीए 300 ते 1100 मधलाच फ्लॅश मानतो. त्यामुळे पहिला कॉल होल्डवरच जात नाही. किमान मर्यादा 80 केली, तर पल्स डायलिंगच्या (लाइन तोडून-जोडून अंक पाठवायची जुनी पद्धत) 60-67 मिलिसेकंदांच्या ब्रेकशी गल्लत होईल का? पल्स आधी बंद करावं का? ज्यांनी हे सेटिंग चालवलंय, त्यांनी आकडे कृपया कळवा.