कप, चमचे आणि वजनकाटा : तुमचं कुठे बिनसलं?

परवा केक केला आणि त्याची वीट झाली. कृतीत ३ कप मैदा होता. मी कप थेट डब्यात खुपसला, बोटाने दाबला, भरला. नंतर शंका आली म्हणून तोच कप काट्यावर ठेवला : १५२ ग्रॅम. मग मैदा चमच्याने हलक्या हाताने कपात सोडला आणि वरून सुरी फिरवली : १२२! तीन कपांत ९० ग्रॅम जास्त गेला होता, म्हणजे जवळपास पाऊण कप. तुमचेही फसलेले प्रयोग येऊ द्या.

*

माझं मिठात. कृती जाड, पापुद्र्यांच्या मिठाची होती आणि मी बारीक मीठ घेतलं. बारीक मिठाचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, पापुद्र्यांचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. ब्रेड कुणी तोंडात धरला नाही.

*

कप म्हणजे नक्की कुठला, हे कुणी सांगतच नाही. अमेरिकन साधारण २४० मिली, मेट्रिक २५०, जपानी २००. मी सहा महिने राइस कुकरसोबत आलेला कप वापरला, तो निघाला १८०चा. गंमत म्हणजे मैदा, साखर, दूध सगळं पाऊणपट पडत होतं, त्यामुळे प्रमाण बरोबर. अंडी मात्र मोजून पूर्ण! घरचे म्हणायचे, तुझ्या केकला ऑम्लेटचा वास येतो.

*

'८ औंस मध' वाचलं आणि जगच्या ८ औंसांच्या रेघेपर्यंत ओतला. ती रेघ द्रव औंसाची, म्हणजे आकारमानाची. कृतीत वजन होतं. २२७ ग्रॅमच्या जागी ३४० गेला. पाण्यात ही चूक खपून जाते, मधात नाही.

*

एवढा हिशोब? आमचं अंदाजपंचे दाहोदरसे छान चाललंय. एकच वाटी, एकच हात.

*

(धागाकर्ती) रोजच्या भाजीला कोण काटा काढतंय हो! पण ती वाटी फुटली की काय कराल?

*

काट्याचीही एक खोड सांगते. भांडं ठेवून शून्य केलं आणि यीस्ट चिमटीचिमटीने टाकत गेले. आकडा हलेचना. फार हळू पडणारं वजन बरेच काटे शून्यातच धरतात. शेवटी एकदम ३ उमटले तोवर किती पडलं होतं देव जाणे. आता यीस्ट सपाट चमच्यानेच घेते, चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. थोड्या जिनसांना चमचाच बरा. मोठा चमचा मात्र तपासून घ्या, बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०.

*

माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला कागद, अमेरिकन कपासाठी : साखर २००, लोणी २२७, तेल २१८, कोको ८५. मैद्यापुढे तीनदा खोडून शेवटी १२० ठेवलेत. तुमच्या कपाने, तुमच्या हाताने एकदा भरून बघा आणि तुमचे आकडे लिहा.

*

(धागाकर्ती) काल परत केला, ३६० ग्रॅम मैदा मोजून. फुगला! मधोमध जरा बसलाय, पण तो मी ओव्हनचं दार दोनदा उघडलं म्हणून.